दोन काचा, दोन मेणबत्त्या

माझं मेणबत्त्यांचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. दर्शनी बाजूला दोन मोठ्या काचा आणि त्यांच्यामागे मी हौसेनं मांडलेल्या उंच, सडपातळ मेणबत्त्या. पण उन्हाळ्यात ऊन कललं की त्या एकेक करून माना टाकायच्या. पडदा ओढला, तर दुकान बंद समजून गिऱ्हाईक पुढे निघून जायचं.

एके दिवशी नणंद काखेत लांबलचक गुंडाळी घेऊन हजर. काचांवर फिल्म लावायचं काम ती नुकतीच शिकली होती.

"वहिनी, आज तुझ्या काचेवर हात चालवू दे!"

"दुकानाची गुहा करतेस का?" माझा नवरा म्हणाला.

"दादा, ही काळी नाही रे. उजेड आत येतो, उष्णता बरीचशी बाहेरच राहते. एकाच काचेला लावते. दुसरी तशीच ठेव, मग बोल."

आम्ही दोघी भिडलो. काचेवर साबणाचं पाणी मारलं. फिल्मचा पहिला तुकडा कागदावरून सुटला आणि माहेरवाशिणीसारखा थेट माझ्या गळ्यात पडला! हसून हसून आमची पुरेवाट झाली. दुसरा मात्र नीट बसला. नणंदेनं रबरी पट्टीनं पाणी सर्रकन बाहेर काढलं.

नवरा डोळे बारीक करून म्हणाला, "काचेला मोतीबिंदू झालाय!"

"ओल आहे ती. चार दिवसांत सुकेल."

मग दोन्ही काचांमागे एकाच साच्यातल्या दोन मेणबत्त्या उभ्या केल्या. समोरचे घड्याळवाले काका खुर्ची घेऊनच आले. येणारेजाणारेही थबकले. कोणी डावीवर पैज लावली, कोणी उजवीवर. मी आत हात धरून पाहिला. उघड्या काचेमागे चटका बसत होता, फिल्ममागे नुसती ऊब.

"वाकली!" काका ओरडले. उघड्या काचेमागची मेणबत्ती हळूहळू कमरेतून लवली.

तेवढ्यात नवरा म्हणाला, "अगं, ही पण कललीय!"

नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत आत गेले, मेणबत्ती चाचपली. मेण टणक होतं. घाईघाईत मीच ती तिरकी खोचली होती! सरळ केली, तशी बाहेर एकच आरोळी उठली.

ऊन उतरेपर्यंत सगळे तिथेच. ती मेणबत्ती जागची हलली नाही. उघड्या काचेमागची मात्र पार आडवी झाली होती.

"काय गं," नवरा साबणाच्या पाण्याची बाटली हातात घेत म्हणाला, "दुसऱ्या काचेला हात कधी लावायचा?"

"थांबा हो!" काका मध्येच म्हणाले. "सकाळच्या उन्हात माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर बसवत नाही. आधी माझं माप घ्या."

नणंद माझ्याकडे बघून हसली. डोळे भरून आले होते तिचे. मग ती रस्ता ओलांडून काकांच्या खिडकीशी गेली, तिच्यामागे सगळी गर्दीही गेली.

"काका, टेप घट्ट धरा," ती म्हणाली, आणि टेपचं ते टोक धरायला चार हात पुढे आले.