खरवड काढणारा डाव

मी एक जुना लाकडी डाव आहे, भात वाढायचा. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. बाकी जो आयता ताटावर येऊन बसतो, त्याच्याशी माझी मैत्री नाही.

निडी गावच्या सुताराने मला शिवणीच्या लाकडातून घडवले आणि हौसाच्या लग्नात मी खांब गावी, तिच्या सासरी आलो. तेव्हा माझ्या दोन्ही कडा सारख्या होत्या. आता उजवी पार झिजली आहे. हौसाचा नवरा दिनानाथ आणि मुलगा रितेश यांना वरचा मोकळा भात वाढताना मी झिजत नाही. मी झिजतो ते बायकांच्या वेळी, टोपाच्या बुडाला लागलेली खरवड काढताना. हौसाने जन्मभर तीच खाल्ली. आता सून अनिता खाते, पोटात बाळ असताना! मला याची भयंकर चीड आहे. पण डावाला कोण विचारतो?

एका दुपारी बापलेक जेवत होते. हौसाची लेक मनाली रोह्याच्या कॉलेजातून पुस्तक घेऊन आली. "आये, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या बाया भाताचे हे मोठाले डाव करून रस्त्यावर उतरल्या. महागाईचा, न पेटणाऱ्या काडेपेट्यांचा, सगळ्याचा जाब विचारला त्यांनी!"

मी फुगलो. माझ्या भाऊबंदांचा मोर्चा!

"तुझा जपान कालेजात ठेव," दिनानाथ खेकसला. "अनिते, भात आण गो."

अनिता भिंतीला धरून उठू लागली. हौसा मात्र मनालीकडेच बघत होती. "मोर्च्यावरनं घरी आल्यावर भात कोनी वाढला?"

"त्यांनीच," मनाली म्हणाली. "म्हणून तर पुढं तिथल्या तरण्या पोरी चिडल्या. बाईनं चूलच सांभाळायची, हे त्यांना मान्य नव्हतं."

मला त्या पोरींचा रागच आला. जरा कुठे मिरवायला मिळाले होते, तेही गेले.

हौसाने मला उचलले. आता मनालीच्या पाठीत बसणार, असे सगळ्यांनाच वाटले. तिने मला दिनानाथच्या हातात कोंबले. "आधी अनितेला वाढा, वरचा. खरवड तुमी घ्या."

"मी?"

"व्हय. हात हायेत ना?"

त्याने मला उलटे धरले. निम्मा भात जमिनीवर सांडला. रितेश हसला, तेव्हा हौसाने त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने सांडलेला भात गोळा करू लागला. अनिता बसली आणि ऊन भात पोटभर जेवली. मग दिनानाथ टोप खरवडत बसला. त्याला काही नीट जमेना.

मित्रांनो, मला तेल लावू नका, जपून ठेवू नका. आज तुमच्या घरचा डाव हातात घ्या. त्याची कड झिजलेली असेल, तर ती खरवड कोणाच्या ताटात गेली ते विचारा. आणि ते विचारायला आईला पानावरून उठवू नका.