बेडकांच्या लग्नाला माझी हरकत

त्या साली जुलै अर्धा सरला तरी गावाकडे पेरण्या खोळंबलेल्या, म्हणून आमच्या डिंडोलीतल्या खानदेशी मंडळानं बेडकांचं लग्न लावायचं ठरवलं. पाऊस हवा धुळ्याकडे आणि लग्न सुरतेत. असो, आपण कशाला बोला.

मंडळाचे अध्यक्ष भटूअण्णा, पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये मुकादम. डिंडोलीत कुणाची सोयरीक कुणाशी जमायची तेही अण्णाच ठरवतात. मी मराठी शाळेतला विज्ञानाचा मास्तर, मला त्यांचं काय भय? असं मी निदान वर्गात तरी सांगायचो. आमच्या लेकीनं, योगितानं, प्रज्ञेशशी लग्न करायचं मनाशी पक्कं केलं होतं. प्रज्ञेश म्हणजे रेल्वेतल्या काशीरामचा मुलगा, बौद्ध घरचा. तिला होकार हवा होता, आणि मी तीन महिने 'बघू'वर दिवस काढत होतो.

लग्नाच्या दिवशी मिलच्या रिकाम्या बादलीत वधू-वर बसलेले, दोघांना सुताच्या मुंडावळ्या. मी वाकून पाहिलं आणि माझं टाळकंच सरकलं.

"अण्णा, हे लग्न लागत नाही. हा बेडूक, ही भेक. दोन वेगळी घराणी!"

मंगलाष्टकं थांबली. मग काय, मला रान मोकळं. हा पाहा, ओली गुळगुळीत कातडी, मागच्या बोटांत पडदे, वरच्या जबड्यात दात, उडी लांब. ही पाहा, कोरडी खरखरीत कातडी, डोळ्यांमागे विषाच्या गाठी, तोंडात दात औषधालाही नाही. झाडावर राहणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात, मुंग्या खाणाऱ्यांचं तोंड चिमुकलं, आणि आफ्रिकेत तर एक घराणं बिनजिभेचं. जगातली सगळी घराणी मी जमलेल्या बायकांना ऐकवली. अंगावर झेललेल्या अक्षता केसांतून काढत त्या मुकाट ऐकत राहिल्या.

"मास्तर," अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन्हीसले पानीच लागस ना? मंग खोट काय शे?"

लोक खो खो हसले. लग्न लागलं, जोडपं खाडीकाठी सोडलं. घरी येईपर्यंत मी अण्णांच्या अडाणीपणाला नावं ठेवत होतो.

चहाचा कप समोर ठेवून योगिता माझ्यापुढे बसली.

"पप्पा, तिथं जसं सांगितलंत तसं मला सांगा. माझ्यात आणि प्रज्ञेशमध्ये फरक काय? कातडी, दात, की बोटं?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. प्रज्ञेश हुशार, निर्व्यसनी, दोन वर्षं माझ्याच हाताखाली शिकलेला. पोर काही उठेना. शेवटी जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"पण भटूअण्णांना सांगणार कोण?"

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

स्वयंपाकघरातून तिची आई, कलाबाई, हात पुसत बाहेर आली.

"मी सांगते," ती म्हणाली आणि चपला घातल्या. "तुम्ही बसा घरी, पेपर तपासा."