फ्रेंच कैद्याचा पाईप

“सर, तुमचा इश्वास बसायचा न्हाई,” असं कानिफनाथ कातारी म्हणाले, आणि उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य दर वेळी खरं ठरत आलं होतं.

त्यांच्या थापा अख्ख्या भिंगारला पाठ होत्या. छावणीतला रणगाडा आपल्या लाटण्यावरून घसरून नाल्यात गेला, ही गोष्ट ते सांगत आणि वर ते लाटणंही दाखवत. मुक्ताबाई आत चुलीपाशी बसून ऐकून घेत. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाचा पत्ते कुटतो, आपला थापा मारतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीलाच त्यांनी मनाशी हे मिटवून टाकलं होतं.

आज मात्र भाकरी थापताना त्यांचा कान बाहेरच होता. आजची थाप करमणुकीची नव्हती.

बाहेर पडवीत लेथ होता. सासऱ्यांनी, बन्सी कातारींनी, बाभळीच्या लाकडात उभा केलेला, पायानं चालवायचा. पाळण्यांचे पाय, लाटणी, रवी, भोवरे, सगळं भिंगार त्यावर कातून निघालेलं. पण शहाण्णव साल उजाडलं तोवर लोकांच्या घरात पाळणे लोखंडाचे आले आणि भोवरे प्लास्टिकचे. धाकटा करण रिक्षा चालवायचा. त्याला पडवीत एसटीडी बूथ टाकायचा होता, आणि लेथ त्यानं वखारीला देऊन टाकला होता. आज उन्हं कलली की टेम्पो येणार होता. पोरगा वाईट नव्हता. “बाबा, गेल्या पावसाळ्यापासनं ह्याच्यावर एक लाटनं तरी झालंय का?” एवढंच त्यानं विचारलं होतं, आणि त्यावर कानिफनाथांना थापसुद्धा सुचली नव्हती.

मग कुणीतरी काकासाहेबांचं नाव सांगितलं. नगरच्या एका संग्रहालयासाठी ते जुन्या वस्तू जमवत. येऊन लेथ पाहिला आणि म्हणाले, बाबा, असे लेथ गावोगाव निघतात, ठेवायचे कुठे? याला काही इतिहास असला तर बघू. इतिहास असला तर लेथ अख्खा उचलून नेऊ, आणि तुम्ही आठवड्यातून एकदा येऊन शाळेच्या मुलांना चालवून दाखवा.

इतिहास पाहिजे म्हटल्यावर कानिफनाथांच्या घरात कसली कमी. काकासाहेब आज पुन्हा आले तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून बसले होते आणि लेथवर फडक्यात एक लाकडी पाईप ठेवला होता.

तर पहिल्या महायुद्धात नगरच्या किल्ल्यात जर्मन कैदी होते, हे काकासाहेबांनाही माहीत होतं. त्यांच्यात एक चुकून आलेला फ्रेंच होता, हे फक्त कानिफनाथांना माहीत होतं. मुशे पियेर त्याचं नाव. त्याच्या डोंगरातल्या गावात शेती नाही, बाजार नाही, घरोघर नुसते पाईप. मूल जन्मलं की त्याच्या नावानं डोंगरातून एक मूळ खणून आणायचं, उकळायचं आणि माळ्यावर सुकत टाकायचं. पोराला मिसरूड फुटेपर्यंत लाकूडही तयार. पियेर तिथला तिसऱ्या पिढीचा कारागीर. पाईप विकत विकत बोटीनं मुंबईला उतरला आणि इकडे लढाई सुरू झाली. त्याचं गाव पडलं दोन मुलखांच्या बांधावर. इंग्रज म्हणत हा जर्मन, जर्मन म्हणत हा फ्रेंच. पंगतीला त्याला कुणीच घेईना. बिचारा खंदकाकडे तोंड करून एकटा जेवायचा.

त्याची दया येऊन बन्सी कातारींनी बैलगाडीत घालून लेथ किल्ल्यात नेला. चिंचेच्या मुळाची गाठही नेली. पियेरनं ती कैद्यांच्या आमटीच्या हंड्यातच उकळली आणि सगळ्या जर्मनांचे दात असे आंबले, की लढाई संपेपर्यंत त्यांना पाव चावता येईना. त्या लाकडाचा पाईप त्यानं ओढला तेव्हा धुराचं कडं जाऊन बुरुजाला अडकलं आणि दुपार टळेस्तोवर तिथंच लोंबकळत राहिलं. पहारेकऱ्यांनी त्यावर टोप्या वाळत घातल्या होत्या.

तुम्ही तेव्हा जन्मलाही नसाल, असं काकासाहेब हसत म्हणाले. आमच्यात बापानं बघितलेलं पोरानं बघितल्यात धरतात, असं कानिफनाथांनी सांगून टाकलं.

आत मुक्ताबाईंनाही जरा हसू आलं. कुकरची शिट्टी झाली तसा त्यांनी तो फडक्यानं धरून खाली उतरवला. त्याची काळी मूठ कधीच गेली होती. करणनं नवी मूठ आणून दिली होती, ती तशीच डब्यात पडून होती. फडक्यानं भागतंय, असं त्या म्हणायच्या.

“डावखुरा हुता, सर,” कानिफनाथ सांगत होते. “अन् पटाशी लावायच्या आदी लाकूड जिभंला लावून बघायचा. कडू लागलं की दिलं फेकून.”

मुक्ताबाईंचा हात पिठातच राहिला.

डावखुरा त्यांचा मच्छिंद्र होता. थोरला. लाकूड जिभेला लावून बघायचा तोही तोच. छावणीतला एक साहेब मोडक्या नळीचा फ्रेंच पाईप दुरुस्तीला घेऊन आला होता. मच्छिंद्रनं तो दुरुस्त केला, आणि साहेब सुट्टीच्या दिवशी पडवीत येऊन बसायला लागला, फ्रान्सातल्या पाईपवाल्यांच्या गोष्टी सांगायला लागला. मच्छिंद्रनं नुसत्या नजरेनं माप घेऊन तसाच दुसरा पाईप केला. तो द्यायच्या आत साहेबाची बदली झाली, आणि तो वापरला जायच्या आत कावीळ होऊन मच्छिंद्र गेला. पाईप मुक्ताबाईंच्या ट्रंकेत होता. सकाळी कानिफनाथांनी तो काढला तेव्हा “लेथ वाचतोय” एवढंच म्हणाले, आणि त्यांनी तो नेऊ दिला. लेथ त्यांनाही वाचवायचा होता. त्याच्या पायपट्टीवर मच्छिंद्रच्या अंगठ्यानं पडलेला खळगा होता. पडवी झाडताना त्या रोज त्यात बोट घालून धूळ काढत.

बाहेर काकासाहेब पाईप उजेडात धरून निरखत होते. वाटी गुळगुळीत, नळी काळीभोर. नळीत एक छिद्र होतं, लाखेनं बुजवलेलं. हे काय, असं त्यांनी विचारलं. कानिफनाथ एक क्षणही अडले नाहीत. त्यात पियेरनं आपल्या बायकोचा केस ठेवून वर लाख ओतली, असं त्यांनी सांगितलं. काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस भला होता, त्याला विश्वास ठेवायचाच होता. लेथ आजच नेऊ, असं ते म्हणाले. पाईप काचेच्या पेटीत राहील, लेथ शेजारी, आणि वर पाटी: फ्रेंच कैदी पियेर याने या लेथवर घडवलेला पाईप. चालेल?

चालंल की, असं कानिफनाथ म्हणाले, आणि त्यांचा आवाज आनंदानं चिरकला.

“पण बाबा, त्या पियेरचं पुढं काय झालं?” काकासाहेबांनी विचारलं.

थाप मारणाऱ्यानं कुठं थांबावं हे कानिफनाथांना जन्मात कळलं नव्हतं. शिवाय घाईत माणसाच्या हाताला जवळचंच लागतं.

“गेला बिचारा,” ते म्हणाले. “कावीळ झाली त्याला. हितंच गेला. मागं रडायलाबी कोन न्हवतं.”

दारात टेम्पोचा आवाज आला. करण बाहेर जाऊन ड्रायव्हरला थांबवत होता, संग्रहालयवाले नेणार असतील तर तुझा खेप-खर्च देतो म्हणत होता. लेथ वाचला होता. कुणी काही बोललं नाही, तर वाचला होता.

मुक्ताबाईंनी हात धुतले. फडक्यात कुकर धरला आणि तसाच गरम गरम घेऊन त्या पडवीत आल्या. काकासाहेबांना वाटलं, जेवायलाच वाढणार. कानिफनाथांनी मात्र कुकर पाहिला, मग तिचं तोंड पाहिलं, आणि मुंडी अशी हलवली, की नको, एवढा टेम्पो जाऊ दे, मग काय ते म्हण. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्यापुढं हात जोडले.

मुक्ताबाईंनी कुकर लेथवर ठेवला. मूठ जिथं बसायची तिथला उघडा पत्रा काकासाहेबांकडे केला.

“ह्ये खोटं बोलत्यात, दादा. फ्रेंच न्हाई अन् कोन न्हाई. माझ्या मच्छिंद्रनं केलाया त्यो पाईप. नळी ह्या कुकरच्या मुठीची हाय, अन् ते भोक हितल्या इस्क्रूचं.”