दोन घरी वाजणारा हेडफोन

मी एक जुना, बिनवायरचा हेडफोन आहे आणि तुमच्यापैकी एकाच्याही कानावर माझा काडीचा विश्वास नाही. आत्मवृत्तात मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. मनापासून नाही.

मी जन्मलो तो कारखाना इतका शांत होता, की तिथले कामगार शिंक आली तर शेजारच्या गावी जाऊन शिंकून येत. चोपड्याच्या बाजारात झुलाल नावाच्या केळीवाल्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं. माझ्या कानांवर बसणाऱ्या गाद्या अशा घट्ट, की भुसावळला मला घालून रुळांत उभ्या असलेल्या झुलालवरून अख्खी मालगाडी गेली, त्याला पत्ता नाही! टोपी कुठे गेली, एवढंच तो विचारत होता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. तुमचं मत मी मागितलेलं नाही.

झुलाल आणि त्याचा धाकटा भाऊ अभिमन केळीच्या बागेत, बांधावर बसून मला वाटून ऐकायचे. एक वाटी याच्या कानाला, दुसरी त्याच्या. डोकी इतकी जवळ, की एकाची ऊ दुसऱ्याकडे पाहुणी जायची. दोघांच्या मोबाईलशी मी जोडलेला होतो. मला एकाच वेळी दोन यंत्रांशी नातं ठेवता येतं. जे आधी वाजेल, त्याचा मी. गावभर माझं कौतुक होतं.

मग विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे भांडले. घराच्या मधोमध भिंत आली, बोलणं तुटलं. टोमणा मारायचा तर झुलाल आपल्या म्हशीला सांगे आणि अभिमन आपल्या शेळीला. मी ट्रंकेत पडलो. वर्षानुवर्षं एका कुत्र्यानेही मला हुंगलं नाही.

यंदा झुलालच्या मुलीने, दिपमालाने, मला बाहेर काढलं. तिला घरबसल्या काम मिळणार होतं. डॉक्टर बोलतील ते ऐकून टाइप करायचं. त्याची परीक्षा त्याच दिवशी अकरा वाजता होती. लॅपटॉप नव्हता. धुळ्याच्या मैत्रिणीने एक हातात मावणारं, लिनक्सवर चालणारं यंत्र दिलं होतं, मुळात गेम खेळायचं, आणि टाइप करायला एक सुटा कीबोर्ड. त्याचा स्पीकर फाटलेला, वायर घालायचं भोक मोडलेलं. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. आणि ते डबडं मला पहिल्या नजरेतच आवडलं नाही.

पडद्यावर लिहून आलं, हेडफोन जोडला. आवाज मात्र नाही. दिपमालाने मला तोडलं, पुन्हा जोडलं. आवाज कुठे पाठवायचा त्या यादीत माझं नाव निवडलं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून ब्लूटूथ बंद-चालू केलं. यंत्र तीनदा उठवलं, तीनदा झोपवलं. तिच्या कानात परीक्षेचा नमुना यायला हवा होता. आला कोण? केळीचा बाजारभाव! "नवती केळी, भाव स्थिर..."

तेवढ्यात भिंतीपलीकडून अभिमन ओरडला, "शेळी व, ऐकी ऱ्हायनी का? मना मोबाईलवर कोनी तरी करनी करी टाकी! केळीना भाव सांगता सांगता मुका व्हई गया!"

झुलालने लगेच म्हशीकडे तोंड केलं. "म्हस व, जो भाऊनं पानी चोरस, त्याना मोबाईल मुकाच व्हई!"

दिपमालाने मला कानावरून उतरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझी बॅटरी उतरली. मग ती भिंतीपाशी धावली.

"काका! तुना मोबाईल मुका नही शे. तो मना कानमा बोली ऱ्हायना! ब्लूटूथ बंद कर, अकराले मनी परीक्षा शे!"

"तुना बापले सांगू दे," अभिमन म्हणाला. "मना नाव लिसन." म्हणजे भावाने त्याचं नाव घेऊन सांगायचं, म्हशीमार्फत नाही.

झुलाल म्हशीला म्हणाला, "म्हस व, सांग त्याले. बंद कर म्हना."

"आबा, म्हशीले काय सांगस? परीक्षा मनी शे, म्हशीनी नही!"

पलीकडून अभिमन म्हणाला, "शेळी, म्हशीनं ऐकाले मी काय रेडा शे?"

अकरा वाजत आले होते. पोरीचे डोळे भरले. झुलालचे ओठ हलले, "अ" पर्यंत आले आणि मिटले. एवढं एक नाव, पण त्याच्या तोंडातून निघेना.

दिपमाला घरात आली. तिने माझी कळ दाबली आणि दाबूनच धरली. माझा दिवा लाल झाला, निळा झाला, विझला. माझ्या पोटातली सगळी नाती पुसली गेली. झुलालचा मोबाईल गेला, अभिमनचा गेला, बांधावरची वाटून घेतलेली गाणी गेली. मग हे सगळं आठवतं कसं, असं विचारू नका. म्हाताऱ्याला असलं विचारलं, की तो आणखी मोठी थाप मारतो.

मग तिने मला फक्त त्या लिनक्सच्या डबड्याशी जोडलं. कानात खणखणीत आवाज आला. रक्तदाब, साखर, गोळ्यांची नावं. तिची बोटं पावसासारखी पडू लागली. पलीकडे अभिमनचा मोबाईलही केळीचे भाव ओरडू लागला, आणि त्याने करणी उतरल्याचा डंका गावभर पिटला.

ते काम दिपमालाला मिळालं. रोज ती मला कानावर चढवून बसते. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी शिव्या चालू असतात. लोक म्हणतात, तिला ऐकू जात नाही. माझ्या गाद्या आता झिजल्या आहेत. तिला सगळं ऐकू जातं. ती ऐकत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू वापरा, पुसा, ट्रंकेत कोंडू नका. आणि तुमच्या घरात कोणी कानांवर काही चढवून गप्प बसलं असेल, तर यंत्राला दोष देण्याआधी स्वतःचं तोंड तपासा.