वुबालेमचे पांढरे दात आणि मी काळी जेबेना

मी एक जुनी जेबेना आहे. जेबेना म्हणजे कॉफी उकळायचं मातीचं भांडं. पोट गोल, मान लांब, एका बाजूला कान, आणि रंग असा की माझ्याशेजारी बसला की कोळसाही स्वतःला गोरा समजतो. मित्रांनो, म्हाताऱ्या बाईला आणि म्हाताऱ्या भांड्याला वय विचारू नये. कारण आम्ही सांगतो ते खरं नसतं.

मला तळ्याकाठच्या एका कुंभारणीने घडवलं. ज्या मातीवर पाणघोडा तीन दुपारी लोळला होता, नेमकी तीच माती तिने उचलली. माझं पोट असं का, ते आता कळलं ना? पुढे तो पाणघोडा आपली जागा शोधत तिच्या दाराशी आला, मला पाहून लाजला आणि गुपचूप पाण्यात गेला. थाप वाटत असेल तर माझ्या कानाला विचारा. त्याचा टवका त्याच दिवशी उडाला.

अस्कालेचच्या लग्नात मी तिच्या घरी आले. तेव्हापासून दिवसातून तीनदा निखाऱ्यांवर बसले. माझी धार केसासारखी बारीक पडते, असं आळीतल्या बायका म्हणत. एकदा दोन भाऊ एका बैलावरून भांडत आले. माझी वाफ नाकात गेली आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तो बैलही मिठी मारायला पुढे झाला होता, पण दार अरुंद होतं.

स्तुती सांगितली, तर पापही सांगायला हवं. मित्रांनो, मी दात रंगवते. थोडं थोडं, प्रेमाने, वर्षानुवर्षं. आमच्या विहिरींचं पाणीही काही कमी नाही. ते लहानपणीच दातांवर तपकिरी पट्टे ओढतं आणि मग मी त्यावर हात फिरवते. म्हणून आमच्या गावात माणसं हसू आलं की खांद्यावरच्या नेतेलाचा, म्हणजे पांढऱ्या शालीचा, पदर तोंडावर घेतात.

अस्कालेचची लेक वुबालेम शाळेत शिकवते. ती पदराचीही वाट बघायची नाही, हातच तोंडावर ठेवायची. वर्गात ती हसली की सगळी पोरंही हात तोंडावर ठेवून हसायची. बिचाऱ्यांना वाटायचं, हसायची रीतच तशी आहे. एके दिवशी पहिलीतल्या एका मुलीचे दुधाचे दात दाण्यासारखे शुभ्र असूनही तिने तोंड झाकलं. ते पाहून वुबालेम घरी आली आणि माझ्यासमोर बसून खूप रडली.

तिचं लग्न गेझाहेनशी ठरलं होतं. लग्नाला बारा दिवस उरले असताना, एका मंगळवारी सकाळी, ती शहरात जाऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून दात उजळून आली. अगदी दुधासारखे नव्हे, पण पांढऱ्या तेफच्या, म्हणजे आमच्या खसखशीएवढ्या धान्याच्या, पिठासारखे झाले. अस्कालेचने दिवा जवळ नेऊन पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे तुझेच ना? का कुणाचे आणलेस?"

"माझेच, एमाय," वुबालेम म्हणाली. एमाय म्हणजे आई. "पण आता दोन दिवस जपायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजळलेले दात दोन दिवस तहानलेले असतात, रंगीत जे मिळेल ते पितात. कॉफी नको, चहा नको, लाल रस्सा नको, हळद नको. पांढरं तेवढं खा."

"आणि दोन दिवसांनी?"

"मग कॉफी चालेल, पण दिवसभर घोट घोट घेत बसायचं नाही. प्यायली की लगेच पाण्याने चूळ भरायची. अर्धा तास थांबून मऊ ब्रशने घासायचं. आणि कोळशाने घासायचं तर मुळीच नाही."

हे ऐकून शेगडीतला कोळसा फुरंगटला. अस्कालेचने माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भिंत पाहिली. भिंतीत पाहण्यासारखं काही नसतं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारी आमच्याकडे उपास. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, कोंबडी नाही. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं जवळजवळ सगळं पांढरं देवाने काढून घेतलं, आणि कॉफी, जी उपासाला चालते, ती डॉक्टरीणबाईंनी काढून घेतली. वुबालेम सकाळपासून भात आणि मक्याच्या लाह्या खात बसली होती. "कोंबडी खायची सोडून मीच कोंबडी झाले," असं म्हणत होती.

दुपारी दारात हाक आली. गेझाहेनची आई, बिझुनेश, न सांगता आली होती. उंच बाई, आवाज असा की झाडावरची माकडं नीट बसतात.

"सून दाखवा आणि कॉफी पाजा! दोन्ही गरम हवं!"

आता आमची रीत ऐका. कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. पहिली आबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. तो कप नाकारणं म्हणजे आशीर्वाद नाकारणं. आणि लग्न तोंडावर असताना सासूसमोर नाकारणं म्हणजे लग्नच परत पाठवणं. खरं सांगावं, तर बिझुनेशचे दात त्याच विहिरीच्या पाण्याचे, पट्टेवाले. 'आमच्या पाण्याची हिला लाज वाटते,' असं ती म्हणाली असती, तर? म्हणून आई-मुलीने डोळ्यांनीच ठरवलं: दातांचं नाव काढायचं नाही.

अस्कालेचने जमिनीवर ताजं गवत पसरलं, दाणे भाजले, धूर पाहुणीच्या नाकाशी नेला. मला भिंतीकडून वळवून निखाऱ्यांवर बसवलं. मी उकळत होते आणि मनात म्हणत होते, बाई, आज तरी फुटून जा! पण फुटायचं म्हटलं की फुटता येत नाही. उलट त्या दिवशी माझी कॉफी कधी नव्हे इतकी चांगली झाली.

वुबालेमने आबोलचा कप ओठाला लावला, ओठ घट्ट मिटून. बिझुनेश खिडकीकडे वळताच कप हळूच गवतात ओतला.

"छान आहे नाही?" बिझुनेशने विचारलं.

"हं," वुबालेम तोंडावर हात ठेवून म्हणाली.

तोनाही गवतानेच प्यायली. पण आमच्या खोलीची जमीन दाराकडे उतरती आहे आणि दाराशी पाहुणीचा स्टूल. बिझुनेश लग्नातल्या भाकऱ्यांचा हिशोब सांगता सांगता थांबली. तिने अनवाणी पाय उचलला. तळवा कॉफीने माखला होता, आणि शुभ्र नेतेलाच्या काठावर तपकिरी ओघळ चढत होता.

"अस्कालेच," ती शांतपणे म्हणाली, "तुझं घर गळतंय खालून वर, का तुझी लेक मला पाण्यात पाहतेय?"

बिझुनेशने स्वतः माझा कान धरला, तिसरा कप भरला आणि वुबालेमपुढे धरला. "ही बरका. ही पण जमिनीला पाजायची असेल तर तसं सांग. मी उठते, आणि माझा गेझाहेनही उठेल."

वुबालेमने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप घ्यावा तर इतक्या वर्षांची इच्छा एका घोटात जाणार. न घ्यावा तर गेझाहेन जाणार. मित्रांनो, मी तेव्हा वाफ सोडायलाही विसरले.

मग वुबालेमने तोंडावरचा हात काढला.

"एतेते," ती म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला आम्ही असंच म्हणतो. "मी काल दात उजळून आले. उद्या दुपारपर्यंत काळं काही प्यायचं नाही. तुम्हाला वाटेल मला आपल्या पाण्याची लाज वाटते, म्हणून बोलले नाही. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण मला बघून माझी शाळेतली पोरं तोंड झाकून हसायला लागली. ते नाही बघवलं."

"आ कर," बिझुनेश म्हणाली.

वुबालेमने आ केला. बिझुनेशने बाजारात गाढवाचे बघतात तसे दात पाहिले, डावीकडून, उजवीकडून. मग ती स्टुलावर बसली आणि तिचे खांदे हलू लागले. अस्कालेचला वाटलं रडतेय. पण तिने सवयीने पदर तोंडाशी नेला, पदर कॉफीने भिजलेला होता, तिने तो वैतागून खाली टाकला, आणि तिचं हसू सगळ्या पट्ट्यांसकट बाहेर पडलं.

"अगं वेडे! माझ्या लग्नात तीन दिवस मी तोंड उघडलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं, बायको मुकी मिळाली, नशीब काढलं!"

"मग बरकाचं काय?" अस्कालेचने हळूच विचारलं.

"बरका सांडत नाहीत आणि ढकलूनही देत नाहीत. हा कप मी पिते, हिच्या कॉफीने माझा पाय धुतलाय तेवढ्याबद्दल. हिची बरका उद्या. दुपार कलली की मी येते. तोवर या लग्नातून कुणी उठायचं नाही, मी नाही आणि माझा मुलगाही नाही."

आणि ती आली, मित्रांनो. गुरुवारी दुपार कलल्यावर मी पुन्हा निखाऱ्यांवर बसले. फक्त एक कप भरला. वुबालेमने तो गप्पा न मारता प्यायला, लोट्यातलं पाणी घेतलं, अंगणात जाऊन खळखळून चूळ भरली आणि आत येऊन बिझुनेशच्या पायाशी वाकली. बिझुनेशने डोक्यावर हात ठेवला. "आता एतेते नको. एमाय म्हण." मग लोटा उचलून तिनेही चूळ भरली. "माझे काही पांढरे व्हायचे नाहीत, पण सुनेमागे राहू कशी?"

लग्न झालं. मी वुबालेमबरोबर तिच्या नव्या घरी आले. आता माझ्याशेजारी कायम पाण्याचा लोटा असतो. आधी तो मला सवतीसारखा वाटायचा. आता वाटत नाही, कारण कॉफी संपली की वुबालेम त्याच पाण्याने आधी चूळ भरते आणि उरलेल्या पाण्याने मला विसळते. गाळ सुकू दिला तर तो माझ्या पोटात दगडासारखा बसतो, मग कुणी वाळूने खरडा, नाही तर काट्याने कुरतडा, मी झिजते पण तो निघत नाही. रोजच्या दोन ओंजळी पाण्यात मात्र तो सुटतो. दातांचं गणितही तेच आहे. एकदा उजळून आणलेलं रोज थोडं थोडं जपावं लागतं. तुमच्या घरी माझी बहीण असेल, चहाचं पातेलं असेल, त्याच्याशेजारी पाण्याचा एक तांब्या ठेवा, एवढंच मागणं आहे.

शाळा माझ्या चुलीपासून लांब नाही. वुबालेमचे दात दीड वर्षानेही पिठासारखेच आहेत. पोरांचे अजून पट्टेवाले. पण मधल्या सुट्टीत तिकडून हसण्याचा आवाज येतो, आणि तो हातामागून येणारा आवाज नसतो. इतक्या वर्षांचा कान आहे माझा, टवका उडालेला असला म्हणून काय झालं, एवढं मला कळतं.