कोलूची फळी

भामाला पाठीच्या दुखण्यानं बसवेना, तेव्हा मी माळ्यावरून कोलूचा लोखंडी सांगाडा काढला. नवरात्रात आम्ही तमिळ मुलखातले मराठी लोक त्याच्यावर फळ्यांच्या पायऱ्या लावून बाहुल्या मांडतो. खांबांना वरपासून खालपर्यंत भोकं आहेत. हव्या त्या भोकाशी बोल्ट आवळून एकच फळी बसवली, की उभ्यानं लिहायचं मेज तयार. मला खिळाही सरळ मारता येत नाही, फळी डुगडुगलीच. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

"सुतारकाम कुठं शिकलात हो?"

"कुठंच नाही."

"दिसतंय."

पण हसली, आणि लिहायला उभी राहिली. आमची नात विनुता कोइमतुरात वाढते. घरचं मराठी तिला कळतं, बोलायला लाजते. तिच्यासाठी भामाला आपल्या आईचे पदार्थ आणि ते करताना आई सांगायची त्या गोष्टी लिहून ठेवायच्या होत्या. किती दिवस उरलेत ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

"तमिळ अक्षरांत लिहिते. लवकर होईल, पोरीलाही वाचता येईल."

"आपलं मराठी देवनागरीतच लिहावं," मी म्हणालो. जन्मात कुणाला ठामपणे काही सांगितलं नाही. हे मात्र सांगितलं.

तिनं ऐकलं. तिची शाळा तमिळ, देवनागरी ती लग्नानंतर माझ्याकडून शिकलेली. एकेक अक्षर कोरल्यासारखं काढायची. आधी फळी तिच्या कोपराशी होती, मग तिला उभंही राहवेना तेव्हा आरामखुर्चीच्या उंचीला आली, मग खाटेच्या. मी पाना घेऊन बसलो की म्हणायची, "आणखी एक भोक खाली." खालची भोकं संपली तेव्हा वही अर्धीच भरली होती.

मृत्यू झालेल्या घरात त्या वर्षी कोलू मांडत नाहीत. त्यामुळे नवरात्रात विनुता आली तेव्हा सांगाडा खाटेपाशी तसाच होता. तिनं वही उघडली, पानं उलटली.

"आजोबा, ही अक्षरं मला येत नाहीत." मग तमिळमध्ये विचारलं, "आजीनं तमिळ अक्षरांत का नाही लिहिलं?"

"मी नको म्हणालो."

 ती खांब धरून राहिली. मी फळी माझ्या कोपराइतकी वर चढवली आणि पहिल्या पानापासून तमिळ अक्षरांत उतरवू लागलो.

आज शेवटच्या पानावर आलो. भोपळ्याचे घारगे. 'गूळ विरघळला की' इथं भामाचा हात थांबलाय. विनुता विचारते, पुढं काय? पंचेचाळीस वर्षं मी ते नुसते खात आलो.