सावडीची मूठ

माझ्या प्रबंधाचं नाव तीन ओळींचं आहे. त्यात 'श्रमव्यवस्था' आहे, 'आर्थिक स्थित्यंतर' आहे, शेवटी 'सामाजिक नवोपक्रम' आहे. बाबांना कुणी विचारलं की ते "सारिका शेतीवर कायतरी करतेय" एवढं सांगून मोकळे होतात. त्यांनी सत्तावीस वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या केल्या, गुडघे घालवले आणि महाडात दोन खोल्या घेतल्या. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. तिथलं घर कुलपात आणि ओढ्याकडेची भाताची खाचरं सात वर्षं पडीक. अभ्यासाला मी तीच वाडी निवडली. लोक ओळखीचे, जेवायची सोय आपोआप होते, आणि कुणी 'तुमचं आडनाव काय' असं विचारत नाही.

वाडीत सतरा घरं. निम्मे पुरुष वसाहतीत पाळीला, निम्मे मुंबईत, तरी दरवर्षी भातलावणी वेळेवर उरकते. कशी, हा माझा प्रश्न. उत्तर सावडीत होतं. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. आजोबांच्या काळापासून चालत आलेली रीत, पण बायकांनी ती आता कारखान्याच्या पाळ्यांना जुळवून घेतली होती. ज्या घरचा माणूस रात्रपाळीला, त्या घरची लावणी दुपारनंतर. ऋत्विक नावाचा पोरगा, वसाहतीतच कामाला, त्यानं पॉवर टिलर घेतला होता. तो सगळ्यांची चिखलणी करून द्यायचा आणि त्याबदल्यात बायका त्याची लावणी करायच्या. माझ्या मार्गदर्शक मॅडम तर खूश झाल्या. म्हणाल्या, "सारिका, हाच तुझा नवोपक्रम!"

मी दोन पावसाळे बांधावर छत्री धरून बसले. कोण कुणाकडे किती दिवस गेलं, ते सगळं वहीत टिपलं. माझ्यात एक खोड आहे. अन्याय दिसला की मला दम धरवत नाही, आणि अन्याय मला जरा लवकरच दिसतो.

तो दिसला भिकूतात्यांच्या नावापुढे. तात्यांचं वय सत्तरीचं, बायको वारलेली, मुलगा किशोर नालासोपाऱ्याला. खाचरं तीनच, आणि तीही रुमालाएवढी. एका लावणीत त्यांनी लोकांना एकतीस दिवस दिले होते आणि परत घेतले होते दोन. एकतीस आणि दोन! मी आकडे तीनदा तपासले. म्हातारा माणूस सगळ्यांच्या चिखलात वाकतो आणि वाडी खुशाल वाकू देते, याचा मला संताप आला.

हे तात्या पहाटे सगळ्यांच्या आधी दुसऱ्याच्या बांधावर हजर असत. बायकांची ओळ वाकडी गेली की चिडवत, ज्याच्या शेतात असतील त्याच्या घरची भाकरी खात, आणि संध्याकाळी त्याच घरच्या पडवीत चहा पीत बसत. हेही माझ्या वहीत होतं, पण 'इतर निरीक्षणे' या सदराखाली. त्याच सदरात आणखी एक नोंद होती. लावणी संपली की प्रत्येक शेतात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, एक मूठ न लावता बांधावर ठेवून देतात. पुढे मी लिहिलं होतं : 'रोपांची नासाडी, सुमारे एक टक्का.'

यंदा जुलैच्या सुरुवातीला, लावणी तोंडावर असताना, मी शाळेच्या ओसरीत सगळ्यांना बोलावलं. संशोधकानं निष्कर्ष लोकांपुढे मांडावेत असा नियम आहे. मोठ्या कागदावर तक्ता काढून तो भिंतीला चिकटवला आणि घराघराचं नाव घेऊन वाचला. तात्यांच्या नावाशी आल्यावर माझा आवाज चढला. "हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा," असंही मी म्हणाले.

तात्या खांबाला टेकून खाली बघत होते. वाडीत ज्यांचा शब्द चालतो त्या बनुबाई उठल्या, तक्त्याजवळ गेल्या. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या.

"ह्ये सगळ्यांचं मोजलंस?"

"हो काकी. दोन वर्षं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

मला वाटलं, लोकांच्या मनाला लागलंय, आता सुधारणा होईल. त्या आनंदात मी महाडला येऊन पुढचं प्रकरण लिहून काढलं.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, त्याच प्रकरणाच्या झेरॉक्स काढायला मी एसटी स्टँडजवळ उभी होते. पहिली पाळी सुटली होती. ऋत्विकनं माझ्यापुढे मोटरसायकल थांबवली.

"ताई, तात्या वाडी सोडून चालले. किशोरदादा रविवारी न्यायला येतोय, कायमचं."

"का? आजारी आहेत?"

"आजारी नायत. करायला काय उरलं नाय त्यांना."

मग त्यानं सगळं सांगितलं. माझ्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या तीन खाचरांत एकोणीस माणसं उतरली. साडेनऊला लावणी संपली. मग त्यांनी तात्यांचे बांध घातले, घराची वाट नीट केली, छपरावर नवा प्लास्टिकचा कागद टाकला, वर्षभराचं सरपण रचून दिलं. सहा दिवस हेच चाललं. सातव्या दिवशी बनुबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "तात्या, फिटलं ना सगळं?" तात्या म्हणाले, "फिटलं." त्यानंतर त्यांना लावणीला कुणी बोलावलं नाही.

"अरे, पण का? मी असं करा म्हटलं नव्हतं!"

"बोलावणार कसं, ताई? बोलावलं की दिवस परत चढणार, आन् परत तुमच्या कागदावर लागणार. लोकांना लाज हाय. तात्या पडवीत बसून असतात. लोकं समोरून जातात, तेबी खाली बघत. त्यांच्या बांधावर मूठसुद्धा नाय ठेवली कुणी."

"मूठ? ती वाया जाणारी?"

ऋत्विकनं माझ्याकडे असं बघितलं की मी झेरॉक्सचे कागद उगाच सारखे केले.

"दोन वरसं वही घेऊन बसलात आन् मूठ म्हाईत नाय? लावणी पुरी संपवायची नाय, ताई. एक मूठ ठेवायची. म्हणजे काम राहिलंय, परत यायला लागंल, असं. घर बंद करून जाणाऱ्याच्या शेतात तेवढी मूठ ठेवत नायत. तिथं सगळं लावून टाकतात."

मला आमची शेवटची लावणी आठवली. मी एकवीस वर्षांची, कॉलेजातून सुट्टीला आलेली. शेवटचं रोपसुद्धा तात्यांनी चिखलात रोवलं होतं आणि मी म्हणाले होते, "वा, एकही उरलं नाही!" तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. बाबा मात्र तोंड फिरवून ओढ्यात हात धूत राहिले होते, बराच वेळ. ते तेव्हा का बोलले नाहीत, ते मला स्टँडवर, रिक्षांच्या गर्दीत कळलं. मी तिथेच रडले. लाज, राग, सगळं एकदम, आणि सगळा राग माझ्यावरच.

घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "ओढ्याकडचं एक खाचर लावायचंय." त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "आवण कुठाय? पेरलंस कधी?" आणि थोड्या वेळानं, "बनुबाईंकडं माग. पण मागताना वही नेऊ नको."

गुरुवारी वाडीत गेले. बनुबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"आता काय मोजायला आलीस गो?"

"आवण मागायला आले, काकी. आमचं एक खाचर लावायचंय."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, नखांकडे जरा जास्तच. "आवण हाय शिल्लक. लावणार कोण, तू?"

"काकी, माझं चुकलं."

"चुकलं खरं," त्या म्हणाल्या. सुपातला एक खडा काढून त्यांनी लांब फेकला. "तुला वाटलं, आमी म्हाताऱ्याला राबवतो. अगो, बायको गेली तवा तो दोन महिने अंथरुणावरनं उठंना. मीच त्याला ओढून माझ्या शेतात नेला. म्हटलं, हात लावायला माणूस नाय, चल. माझ्याकडं तवा धा माणसं होती!" त्यांनी सूप खाली ठेवलं. "ते तुझ्या कागदात कुठं लिवायचं?"

दोन वर्षं त्यांच्या घरी जेवून मी हे विचारलं नव्हतं.

"तूच जा त्याच्याकडं," त्या म्हणाल्या. "आमी फेडून बसलोय. आमच्या तोंडानं आता बोलवत नाय."

तात्यांच्या पडवीत सरपण छपरापर्यंत रचलेलं होतं. त्याच्या शेजारी एक बॅग, चेन बिघडलेली, सुतळीनं बांधलेली. तात्या बाजूला बसले होते. मला बघून हसले, हेच मला सहन झालं नाही.

"ये गो. किशोरनं बॅग पाठवलीय. निघायची तयारी झाली."

"तात्या, मला एक खाचर लावायचंय."

"लाव की."

"मला येत नाही."

"मग माणसं सांग. पैसं देऊन मिळतात पोलादपुरात."

"मला माणसं नकोत. तुम्ही पायजे."

ते सुतळीच्या गाठीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाचे, सदूचे गुडघे गेलेले, तू अशी. मी तुझ्याकडं दिवस घातला तर तू फेडणार कशी?"

मी खरं तेच सांगितलं. "फेडता येणार नाही, तात्या. मला लावणी येत नाही, कापणी येत नाही, माझ्या हातून तुमचं काहीच फिटायचं नाही. पुढल्या वर्षीही नाही."

तात्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. "मग तू बऱ्यापैकी गिऱ्हाईक हायस," ते म्हणाले. येतो म्हणाले नाहीत.

शुक्रवारी ऋत्विकनं चिखलणी करून दिली. बाबा काठी टेकत बांधावर आले आणि सूचना देत बसले. शनिवारी सकाळी मी बनुबाईंकडची आवणाची पाटी घेऊन ओढ्याकडे गेले, तर तात्या खाचरात उतरलेले होते. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलात, आणि तोंड चालू.

"ही यायची वेळ? ऊन डोक्यावर आलं!" पाऊस पडत होता.

मी उतरले. एकदा पडले, मग आणखी एकदा. माझी पहिली ओळ बघून तात्यांनी कमरेवर हात ठेवला. "ही ओळ हाय का कशेडीचा घाट?" बांधावरून बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. दहाच्या सुमारास बनुबाई भाकरी घेऊन आल्या. बघायलाच आले म्हणाल्या, आणि साडी खोचून खाली उतरल्या. मग आणखी दोघीतिघी आल्या, का आलो ते न सांगता. तात्यांनी प्रत्येकीला काहीतरी ऐकवलं. बनुबाईंनी त्यांना उलट सुनावलं, "गप रे, उगा नाचू नको, उद्या माझ्याकडं पन हाय." ते वाक्य आलं तसं गेलं, कुणी मान वर केली नाही. मी वाकलेलीच होते, म्हणून माझे डोळे कुणाला दिसले नाहीत.

दुपारी खाचर भरत आलं. शेवटच्या कोपऱ्यात मी होते, हातात शेवटची मूठ. मी रोप सुटं करून वाकले, तेवढ्यात तात्यांनी माझ्या हातातून मूठ काढून घेतली. चिखलातून चालत बांधाशी गेले, आणि बाबांच्या पायाशी ती ठेवली, मुळं ओली राहतील अशी पाण्याकडे करून. सात वर्षांनी. बाबांनी तिला नुसता हात लावला.

तात्यांनी शर्टाला हात पुसले, पिशवीतून मोबाईल काढला आणि तो तोंडासमोर धरून, पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले :

"किशोर, उद्या येऊ नको. नाय रे, मी बरा हाय. सदूच्या पोरीची लावणी संपली नाय. एक मूठ राहिलीय."